डेल फार्म: स्वतःच्याच जमिनीवर अतिक्रमण ठरलेली वस्ती

इंग्लंडमध्ये एसेक्स काउंटीत बॅसिल्डन शहराच्या जरा बाहेर क्रेज हिल नावाचं गाव आहे. त्या गावाच्या ओक लेन नावाच्या गल्लीला लागून साधारण सहा एकरांचा एक तुकडा आहे, त्याला डेल फार्म म्हणतात. नावात फार्म असलं तरी त्याच्या बऱ्याच भागावर आधी भंगाराचं यार्ड होतं, गाड्या तोडायचे तिथे. २००१ च्या सुमारास तिथे आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबं कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, घेऊन यायला लागली, खाली काँक्रीट टाकलं, प्लॉट पाडले, कुंपणं घातली, आणि दहा वर्षांनी, १९ ऑक्टोबर २०११ ला, पहाटे दंगलविरोधी पोलिसांनी मागचं कुंपण तोडून ती वस्ती उठवली. मधल्या दहा वर्षांत गाव, कौन्सिल (आपल्या नगरपालिका-पंचायतीसारखी तिथली स्थानिक संस्था), कोर्ट, मंत्री, पेपरवाले, बिशप, युनायटेड नेशन्स असे सगळे यात येऊन गेले. हे प्रकरण नीट समजून घेतलं तर युरोपातल्या कुठल्याही गावात "यांनी आमच्या मैदानावर गाड्या लावल्यात" म्हणून जो आरडाओरडा होतो तो मुळात कुठून येतो ते कळतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. अशा बहुतेक भांडणांत जागा सार्वजनिक असते, म्हणजे पार्क, क्रिकेटचं ग्राउंड, कार पार्क, हायवेच्या कडेची पट्टी वगैरे. डेल फार्मची जमीन या लोकांनी विकत घेतलेली होती, आणि तरीही ती रिकामी करायला लावली. म्हणजे सरकारी जागेवर राहिलात तर घुसखोर, स्वतःची घेतलीत तरी बेकायदेशीर, मग माणसाने गाडी उभी कुठे करायची? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा हा एवढाच प्रश्न आहे.

आता हे लोक कोण ते पटकन. आपल्याकडे "युरोपातले जिप्सी" म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात घालतात, पण तसं नाहीये. रोमा आणि इंग्लंडमधले रोमनी जिप्सी यांचं मूळ भारतात जातं, भाषेवरून आणि आता जनुकांच्या अभ्यासावरूनही ते पक्कं झालंय. आयरिश ट्रॅव्हलर मात्र आयर्लंडचेच, कट्टर कॅथलिक, त्यांची बोली वेगळी, रक्त वेगळं, फक्त जगण्याची पद्धत मिळतीजुळती. इंग्लंडच्या कायद्यात दोघांनाही वांशिक गट म्हणून संरक्षण आहे, रोमनी जिप्सींना १९८९ च्या एका निकालाने आणि आयरिश ट्रॅव्हलरांना २००० च्या निकालाने. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७१ हजार लोकांनी जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर असं लिहिलं, रोमा म्हणून वेगळे १ लाखाच्या आसपास. यातले बहुतेक लोक आज पक्क्या घरांत राहतात हेही लक्षात ठेवा, कॅराव्हॅनवाले कमीच. डेल फार्मवाले त्या कमी लोकांतले.

जागा आटत कशा गेल्या

जुन्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकात, इंग्लंडमध्ये नुसतं जिप्सी असणं हा गुन्हा होता, त्यासाठी फाशी होऊ शकत होती, आणि तो कायदा पुस्तकातून निघाला १७८३ ला. त्याच देशाने पुढे १८७१ मध्ये आपल्याकडे क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला आणि पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभ्या केल्या. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हे डोक्यात एकदा बसलेलं असलं की कायदा कुठल्याही काळातला असो, रोख तिकडेच जातो.

पण विसाव्या शतकातली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पूर्वी ट्रॅव्हलर लोक शेतकऱ्याकडे हंगामाला कामाला जायचे, हॉप्स तोडायला, बटाटे काढायला, आणि त्याच्याच शेतात गाड्या लावायचे. शिवाय गावागावांत कॉमन म्हणजे सामायिक गवताळ जमिनी असायच्या, आपल्या गायरानासारख्या. १९६० च्या कायद्याने कॅराव्हॅन लावायला लायसन्स लागायला लागलं, कौन्सिलांना कॉमन जमिनी बंद करायचे अधिकार मिळाले, आणि कौन्सिलांनी ते भराभर वापरले. यंत्रं आली तशी शेतातली कामंही गेली. मग माणसं रस्त्याच्या कडेला आली आणि रोजची उठवाउठवी सुरू झाली, सकाळी पोलीस, दुपारी दुसरी जागा, दोन दिवसांनी परत पोलीस.

हे बघून लिबरल पक्षाचे खासदार एरिक लबक यांनी खाजगी विधेयक आणलं, त्यातून १९६८ चा कॅराव्हॅन साइट्स ॲक्ट झाला. त्यात स्पष्ट होतं की कौन्सिलने या लोकांसाठी साइट पुरवलीच पाहिजे, ती ऐच्छिक नाही. आणि जे कौन्सिल पुरवेल त्याला इतर ठिकाणी गाड्या लावणाऱ्यांना हटवायचे जास्तीचे अधिकार. म्हणजे आधी जागा द्या, मग हाकला. बऱ्याच कौन्सिलांनी टाळाटाळ केली, जागा दिल्या त्या कचरा डेपोशेजारी, सांडपाणी प्लँटच्या बाजूला, हायवेच्या पुलाखाली दिल्या, पण दिल्या तरी. पंचवीस वर्षांत तीनशेच्या वर साइट झाल्या.

मग १९९४ आलं. क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट. या कायद्याने कौन्सिलवरचं ते बंधन काढून टाकलं, आणि त्याच कायद्याने पोलिसांचे हटवायचे अधिकार वाढवले. सरकारचं म्हणणं असं की ट्रॅव्हलरांनी आता स्वतःची सोय स्वतः करावी, जमीन विकत घ्यावी, इतर नागरिकांसारखी प्लॅनिंग परमिशन मागावी. त्याच वर्षी निघालेल्या सर्क्युलरमध्ये हे लिहिलेलं आहे. त्या वेळचे गृहमंत्री होते मायकल हॉवर्ड, हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

ऐकायला हे रास्त वाटतं. स्वतःच्या पैशाने घ्या, रीतसर परवानगी काढा, रहा. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. घर बांधण्याजोग्या जमिनीचा भाव बिल्डर देणार तेवढा, तो यांना परवडत नाही, मग मिळते ती शेतीची, ग्रीन बेल्टमधली (शहराभोवती बांधकामापासून राखलेला हिरवा पट्टा) किंवा भंगार यार्डासारखी. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा तुमच्या नावावर होतो पण एनए होत नाही. परवानगी मागायला जावं तर पहिल्याच फेरीत ट्रॅव्हलरांचे नव्वद टक्क्यांच्या वर अर्ज फेटाळले जातात, हा नव्वदीच्या दशकातल्या अभ्यासातला आकडा तिथे वर्षानुवर्षं सांगितला जातो, उलट इतर लोकांचे साधारण ऐंशी टक्के मंजूर होतात. म्हणून मग लोक काय करायला लागले, तर सोमवारी सरकारी सुट्टी जोडून आलेल्या वीकेंडला, ऑफिसं बंद असताना, रातोरात खडी टाकून कॅराव्हॅन आणायचे आणि मंगळवारी सकाळी अर्ज द्यायचे. याने शेजारचे लोक भयंकर चिडायचे, आणि चिडणारच, कुणाच्याही घरामागे असं झालं तर तो चिडेल.

क्रेज हिल

ओक लेनवर याआधीही वस्ती होती. डेल फार्मला लागूनच ३४ प्लॉटची पूर्णपणे कायदेशीर ट्रॅव्हलर साइट होती, परमिशन असलेली, आणि ती कारवाईनंतरही तशीच राहिली. हे फार लोकांना माहीत नसतं. वाद झाला तो शेजारच्या नव्या अर्ध्या भागाचा, तिथले ५१ प्लॉट बिनपरवाना होते, साधारण ८० कुटुंबं, ४०० च्या आसपास माणसं. भरात असताना दोन्ही भाग मिळून हजारापर्यंत लोकवस्ती सांगायचे, युरोपातली सगळ्यात मोठी ट्रॅव्हलर साइट म्हणून पेपरात यायचं.

गावाची बाजू मी हलक्यात घेणार नाही. गाव लहान, रस्ता अरुंद, आणि दोन-तीन वर्षांत शेजारी जवळजवळ गावाएवढीच दुसरी वस्ती उभी राहिली, तीही कुणाला न विचारता. ज्याला घराच्या मागे एक काचेची खोली वाढवायची तर कौन्सिलच्या फेऱ्या माराव्या लागतात, शेजाऱ्याने हरकत घेतली की काम थांबतं, त्याला समोर सहा एकर काँक्रीट होताना दिसतं आणि कोणी काही करत नाही, तेव्हा त्याच्या मनात जे येतं ते सगळंच वंशद्वेष नसतं. कायदा सगळ्यांना सारखा हवा, हे त्यांचं वाक्य त्यांनी दहा वर्षं धरून ठेवलं. त्यात रहदारी, कचरा, धूर, घरांच्या उतरलेल्या किमती या तक्रारी होत्या, काही खऱ्या, काही फुगवलेल्या. पण त्याच वेळी गावातल्या मीटिंगांत आणि पेपरांत जी भाषा वापरली जायची ती चोरटे, घाणेरडे, करबुडवे अशी सरसकट होती, आणि तिथे मात्र कायद्याचा विषय संपून माणसांचा विषय सुरू व्हायचा. डेल फार्मवरची कुटुंबं कौन्सिल टॅक्स भरतो म्हणून सांगायची, तो मुद्दा कोणी ऐकून घ्यायला तयार नसायचं.

सगळ्यात जास्त बोलकी गोष्ट शाळेची आहे. क्रेज हिलची प्राथमिक शाळा लहान, गावातलीच मुलं यायची. ट्रॅव्हलरांची मुलं यायला लागली तसे गावातले आईबाप आपली मुलं काढून आसपासच्या गावांतल्या शाळांत घालायला लागले, शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या लोकांनी राजीनामे दिले, आणि थोड्याच वर्षांत शाळेत जवळजवळ सगळी ट्रॅव्हलर मुलंच उरली. यात एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. त्या मुलांच्या आईबापांपैकी कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सारखी उठवाउठवी असताना शाळा कुठली, एका ठिकाणी सहा महिने टिकणं मुश्किल. डेल फार्मवर पहिल्यांदा एक अख्खी पिढी सलग काही वर्षं एकाच शाळेत गेली. तिथल्या बायका पत्रकारांना हेच सांगायच्या की आम्हाला फिरायचं नाही म्हणून नाही, मुलं शाळेत आहेत आणि म्हातारी माणसं डॉक्टरकडे नाव लावून आहेत म्हणून आम्हाला इथे टेकायचंय. गावातल्या आयांना आपल्या मुलांची काळजी, या आयांना आपल्या मुलांची, आणि दोघी एकाच शाळेच्या फाटकावरून एकमेकींना न बघता जायच्या.

अजून एक, आणि हे इतिहासातलं आहे पण सोडवत नाही. बॅसिल्डन हे शहरच मुळात कसं झालं माहितीये? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लेंडन, पिट्सी या भागात शेती परवडेना म्हणून जमिनीचे बारीक तुकडे पाडून विकले गेले. पूर्व लंडनच्या गरीब लोकांनी ते घेतले, तिथे रविवारी रेल्वेने येऊन लाकडाचे, पत्र्याचे, जुन्या रेल्वे डब्यांचे सुद्धा निवारे उभे केले, ना पाणी, ना गटार, ना परवानगी. त्याला प्लॉटलँड्स म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायला लागल्यावर कितीतरी लोक तिथेच कायमचे रहायला आले. मग १९४९ ला सरकारने बॅसिल्डन न्यू टाउन जाहीर केलं, त्यामागे या विस्कळीत वस्त्यांना रस्ते-पाणी देऊन शहर करायचं हे मोठं कारण होतं. लोकांची घरं त्यात गेली, त्यावरही भांडणं झाली, पण बदल्यात शहर मिळालं. डन्टनला त्यातलं एक घर आजही म्युझियम म्हणून ठेवलंय, शाळेच्या सहली जातात. म्हणजे याच तालुक्यात म्हणा ना, बिनपरवाना वस्तीचा प्रश्न सरकारने एकदा घरं बांधून सोडवलेला होता.

राजकारण आणि कोर्ट

कौन्सिलने परवानगी नाकारली, ट्रॅव्हलरांनी अपील केलं. २००३ मध्ये उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या खात्याने मध्यममार्ग काढला, दोन वर्षांची मुदत, तोपर्यंत पर्यायी जागा बघा. मुदत २००५ च्या मे महिन्यात संपणार होती. आणि २००५ च्या मे मध्येच निवडणूक होती.

त्या निवडणुकीत काय झालं ते बघण्यासारखं आहे. मार्चमध्ये द सन पेपरने ट्रॅव्हलर कॅम्पांच्या विरोधात पहिल्या पानावर मोहीम उघडली, कॅम्प चिरडा असाच त्याचा अर्थ. आणि विरोधी पक्षनेते म्हणून रविवारच्या पेपरांत पूर्ण पानाची जाहिरात देऊन ट्रॅव्हलर प्लॅनिंगचे नियम वाकवतात असं सांगणारे होते मायकल हॉवर्ड. तेच, ज्यांच्या काळात १९९४ चा कायदा झाला. जागा पुरवायचं बंधन काढलं यांनी, स्वतःची जमीन घ्या म्हणून सांगितलं यांच्या सरकारने, आणि अकरा वर्षांनी जमीन घेतलेल्या लोकांना मुद्दा करून मतं मागितली यांनी. मला हे वाचून खरंच राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

मुदत संपली, पर्यायी जागा मिळाली नव्हती, कौन्सिलने कारवाईचा ठराव केला. कौन्सिलचंही एक म्हणणं होतं आणि त्यात तथ्य आहे. बॅसिल्डनमध्ये एसेक्सच्या बाकीच्या बहुतेक कौन्सिलांपेक्षा जास्त कायदेशीर ट्रॅव्हलर प्लॉट आधीच होते. आम्हीच किती घ्यायचे, शेजारचे काय करतायत, हा त्यांचा सवाल. यावर उपाय म्हणून लेबर सरकारने विभागवार आराखडे केले होते, प्रत्येक कौन्सिलला किती प्लॉट द्यायचे ते वाटून दिलेलं. २०१० मध्ये सरकार बदललं आणि नवे मंत्री एरिक पिकल्स यांनी ते आराखडेच रद्द करायला घेतले. पिकल्स यांचा मतदारसंघ ब्रेंटवुड, म्हणजे बॅसिल्डनच्या शेजारीच. वाटणीची पद्धत गेली, प्रत्येक कौन्सिल परत आपापल्या मतदाराकडे बघायला मोकळं.

कोर्टात २००८ ला हायकोर्टाने ट्रॅव्हलरांच्या बाजूने निकाल दिला, कौन्सिलने पर्यायांचा नीट विचार केला नाही म्हणून. जानेवारी २००९ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. त्यानंतर कायद्याने रस्ता मोकळा होता. कौन्सिलचे नेते टोनी बॉल यांनी २०११ च्या जुलैत नोटीस काढली, ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत जागा सोडा. आपल्याकडे ३१ ऑगस्टला भटके-विमुक्त लोक विमुक्त दिन पाळतात, १९५२ ला त्या दिवशी गुन्हेगार जमातींचा शिक्का काढला म्हणून. योगायोग आहे, पण तारीख वाचून मी थांबले होते.

कौन्सिलने पक्क्या घरांची ऑफर दिली होती, बेघर म्हणून अर्ज करा, घर देतो. बहुतेकांनी नाकारली. इथे बाहेरच्या माणसाचं डोकं फिरतं की घर मिळतंय तर नको का म्हणता? पण घर मिळणार ते एकेका कुटुंबाला, वेगवेगळ्या ठिकाणी, अनोळखी गल्लीत. आजीची कॅराव्हॅन इथे, मुलीची शेजारी, मध्ये अंगण, आजारी माणसाला चार घरं बघतात, ही त्यांची सगळी व्यवस्था. ती मोडून फ्लॅटमध्ये एकटं बसणं त्यांना नको होतं. काही कुटुंबांची आयर्लंडमध्ये रॅथकील गावाशी नाती आहेत, तिथे घरं आहेत, मग तिकडे जा, असंही कौन्सिलकडून सांगितलं जायचं.

ऑक्टोबर २०११

ऑगस्टपासून बाहेरचे कार्यकर्ते यायला लागले, त्यांनी तिथे कॅम्प टाकला आणि त्याला नाव दिलं कॅम्प कॉन्स्टंट, कारण वस्ती उठवायचं कंत्राट ज्या बेलिफ कंपनीला दिलं होतं तिचं नाव कॉन्स्टंट. पुढच्या फाटकावर पाइपांचा उंच मनोरा बांधला. अभिनेत्री व्हॅनेसा रेडग्रेव्ह येऊन गेल्या, अँग्लिकन आणि कॅथलिक दोन्ही बिशप येऊन गेले, युनायटेड नेशन्सच्या वंशभेदविरोधी समितीने ब्रिटनला कारवाई थांबवायला सांगितलं. १९ सप्टेंबरला बेलिफ दारात उभे असताना हायकोर्टाने शेवटच्या क्षणी तात्पुरती स्थगिती दिली.

मग पुढचे काही आठवडे कोर्टात प्लॉटमागून प्लॉट तपासला गेला, आणि न्यायाधीशांनी सांगितलं की बहुतेक कॅराव्हॅन काढता येतील, पण भिंती, कुंपणं आणि फाटकं कौन्सिलला पाडता येणार नाहीत कारण नोटिशीत त्यांचा उल्लेख नव्हता. म्हणजे इतक्या वर्षांच्या नोटिशीत सुद्धा काय काय पाडायचं ते धड लिहिलेलं नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्यावर शेवटचे अर्जही फेटाळले गेले.

१९ तारखेला सकाळी सातच्या सुमारास पोलीस पुढच्या फाटकाकडे गेलेच नाहीत, मागून शिरले. दगड-विटा फेकल्या गेल्या, टेसर म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या बंदुका वापरल्या गेल्या, एक कॅराव्हॅन पेटली. जळत्या अडथळ्यासमोर क्रूस उंच धरून उभी असलेली ट्रॅव्हलर बाई, हा फोटो दुसऱ्या दिवशी जगभर गेला. कार्यकर्त्यांनी स्वतःला मनोऱ्याला, काँक्रीट भरलेल्या पिंपांना बांधून घेतलं होतं, त्यांना एकेकाला कापून काढायला पूर्ण दिवस गेला. २० ला संध्याकाळी राहिलेली कुटुंबं आणि कार्यकर्ते एकत्र चालत बाहेर पडले.

कौन्सिल, पोलीस, सरकार मिळून १८ मिलियन पौंडांपर्यंतची तरतूद केली होती, प्रत्यक्ष खर्च आला ७ मिलियनच्या आसपास. ८० कुटुंबांनी भागा, कुटुंबामागे ८५-९० हजार पौंड होतात.

आणि गेले कुठे? बरेच जण ओक लेनवरच, काही फुटांवर, रस्त्याच्या कडेला कॅराव्हॅन लावून राहिले. वीज नाही, संडास नाही, पाणी शेजारच्या कायदेशीर साइटवरच्या नातेवाइकांकडून. काही त्याच कायदेशीर प्लॉटांवर दाटीवाटीने घुसले. जिथून उठवलं त्या जमिनीवर कौन्सिलने परत कोणी येऊ नये म्हणून चर खणले, मातीचे बांध घातले. हिरवा पट्टा वाचवायचा म्हणून हे सगळं केलं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं तिथे राडारोडा, साचलेलं पाणी आणि ॲस्बेस्टॉसच्या तक्रारी. गावाला तरी शांतता मिळाली का, तर तीही नाही, कारण माणसं होती तिथेच होती, फक्त आता रस्त्यावर. ज्या गावकऱ्यांनी दहा वर्षं धीर धरून कायद्याची वाट बघितली त्यांचीही यात फसवणूकच झाली असं मी म्हणेन.

लीड्सने काय केलं

याच काळात उत्तरेला लीड्स शहरात वेगळं चाललं होतं. तिथली जमीन खरीच सार्वजनिक, महापालिकेची. २००३ ते २०१० या काळात लीड्स कौन्सिलने अशा कॅम्पांना हटवणं आणि मागची साफसफाई यावर जवळपास २० लाख पौंड घालवले होते, आणि हटवलेली तीच कुटुंबं शहरातच दुसऱ्या मैदानावर जात होती, कारण ती लीड्सचीच होती, त्यांची मुलं तिथेच जन्मलेली. शहराच्या एकमेव मोठ्या साइटवर, कॉटिंगली स्प्रिंग्सवर, जागाच नव्हती.

मग लीड्स गेट ही ट्रॅव्हलर लोकांचीच संस्था, कौन्सिल आणि पोलीस एकत्र बसले आणि निगोशिएटेड स्टॉपिंग नावाची पद्धत बसवली. गाड्या आल्या की पहिल्या दिवशी नोटीस नाही, बोलणी. ही जागा चालेल का? शाळेचं मैदान असेल तर नाही, दुसरी दाखवतो. चालत असेल तर करार, किती गाड्या, किती दिवस, कचरा कुठे टाकायचा, शेकोटी कुठे, जनावरं कशी. कौन्सिल तात्पुरते संडास आणून ठेवतं, कचऱ्याची मोठी कुंडी ठेवतं, ती वेळेवर उचलतं. आसपासच्या घरांना सांगितलं जातं की हे लोक अमुक तारखेपर्यंत आहेत. ऐकायला किती साधं आहे! पण तक्रारींचा मोठा भाग याच गोष्टींचा असतो, कचरा, विष्ठा, आणि हे जाणार कधी ते माहीत नसणं. कौन्सिलचे वर्षाला लाखभराच्या वर पौंड वाचले आणि पोलिसांचेही वाचले. कायमचे प्लॉट लागतातच, लीड्स गेटवाले स्वतःही तेच म्हणतात, पण मधल्या काळात रोजचं युद्ध थांबलं.

देशाचा कायदा मात्र उलट दिशेला गेला. बऱ्याच कौन्सिलांनी आपल्या सगळ्या मोकळ्या जागांवर सरसकट मनाई हुकूम आणायला सुरुवात केली, लंडनच्या ब्रॉम्लीने एकदम १७१ जागांवर मागितला, २०२० च्या जानेवारीत अपील कोर्टाने तो नाकारला. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने असे हुकूम काही कडक अटींवर देता येतील म्हणून सांगितलं, आणि त्या अटींत जागांची टंचाई, कौन्सिलने पर्याय दिलाय का, हे बघणं आलं. त्याआधी २०२२ च्या पोलीस कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये रहायच्या इराद्याने परक्या जागेवर गाडी लावून, त्याने मोठं नुकसान, अडथळा किंवा त्रास झाला किंवा होण्यासारखा असला तर, सांगूनही न हलणं हा फौजदारी गुन्हा केला, तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, वर गाडी जप्त. गाडी म्हणजे घर. घर जप्त झाल्यावर पोरंबाळं घेऊन ती बाई कुठे जाणार याचं उत्तर कायद्यात नाही. याच कायद्याने एकदा हटवलं की त्याच जागेवर बारा महिने परत येता येणार नाही असं केलं, आधी ते तीन महिने होतं. मे २०२४ मध्ये हायकोर्टाने हे वाढवणं मानवी हक्कांशी विसंगत ठरवलं, आणि कारण तेच दिलं, थांबायला कायदेशीर जागा इतक्या कमी आहेत की बारा महिन्यांची बंदी म्हणजे कुठेच थांबता न येणं.

आपल्याकडे हे वाचणाऱ्यांनी इंग्लंडवाल्यांवर फार बोट दाखवू नये असं मला वाटतं. पारध्यांची पालं गायरानावर पडली की ग्रामसभेत जे बोललं जातं ते क्रेज हिलच्या मीटिंगपेक्षा वेगळं नसतं, आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं, ते भिक्षा मागायला आले होते. २०२२ ला गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा त्यात बडे लोकही होते आणि ज्यांच्याकडे दुसरी कुठलीच जागा नाही असे भटकेही होते, नोटीस सगळ्यांना एकच.

डेल फार्ममध्ये वेगळं काही करता आलं असतं असा काळ मला विचाराल तर २००३ ते २००५, ती दोन वर्षांची मुदत. तेव्हा वस्ती अजून नवी होती, शाळा पूर्ण फुटलेली नव्हती, गावाचा संताप पेपरांच्या हातात गेलेला नव्हता. ८० कुटुंबांना एकगठ्ठा हलवायची गरज नव्हती, दहा-दहा, पंधरा-पंधरा प्लॉटच्या लहान साइट एसेक्सच्या सहा-सात कौन्सिलांत वाटून करता आल्या असत्या, आणि क्रेज हिलच्या लोकांनीही ते मान्य केलं असतं, कारण त्यांची खरी तक्रार सगळा भार आमच्याच गावावर का, हीच होती. त्यासाठी जमीन लागली असती, शेजारच्या कौन्सिलांवर कायद्याचं बंधन लागलं असतं, आणि ७ मिलियनपेक्षा बहुधा कमीच पैसे लागले असते. बंधन १९९४ ला काढून टाकलेलं होतं, आणि ते परत घालायला कुठलंच सरकार पुढे आलं नाही.